दोनावर एक, की वीस एक?

धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी मिस्सा आटोपली, जेवणाच्या पंगती उठल्या, की आमच्या कासारवाडीत हाऊजीचा खेळ मांडला जातो. ध्वनिक्षेपकावरून आकडे पुकारणारा गृहस्थ नुसते ‘सदुसष्ट’ असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘सहावर सात, सदुसष्ट’. नुसते सदुसष्ट म्हटले, तर मागच्या खुर्चीवरची आजी अडुसष्ट खोडील, तिच्या शेजारचा मुलगा ‘म्हणजे सिक्स्टी सेव्हन का?’ असे विचारील आणि कुणीतरी खोटीच ‘लाइन’ मागून भांडण ओढवील. गेली कित्येक वर्षे आम्ही हा पुकारा ऐकत आलो आहोत. पण मराठी संख्यानामांवरची ती एक चालतीबोलती टीका आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. ते आले एका पाठ्यपुस्तकामुळे. त्याच पुस्तकाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

पुस्तक आहे इयत्ता दुसरीच्या गणिताचे. पुण्याच्या ‘बालभारती’ने, म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, ते २०१९ साली शाळांच्या हाती दिले. त्यात २१ ते ९९ या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘तीस दोन’, ‘नव्वद तीन’ असे करण्याची वाट दाखविली होती. जूनमध्ये शाळा उघडल्या आणि महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, साहित्यिकांनी मराठी भाषा बुडाल्याची हाकाटी केली, विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात त्यावर कोट्या झाल्या. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. अंकशास्त्रात संशोधन केलेली ही विदुषी ‘गणिताच्या सोप्या वाटा’सारखी पुस्तके सामान्य वाचकांसाठी लिहीत आली होती. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, मुलांना संख्या नीट कळावी म्हणून जोडीला एक सोपी रीत दिली आहे, एवढेच त्या शांतपणे सांगत राहिल्या. १७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. टीकेचा धुरळा आता खाली बसला आहे. पुस्तकाकडे पुस्तक म्हणून पाहण्यास ही वेळ बरी, असे आम्हांस वाटते.

आमचा या प्रश्नाशी संबंध पुस्तकी नाही. रविवारी मिस्सेनंतर वस्तीतल्या आठ-दहा मुलांना घेऊन आम्ही एका घराच्या ओट्यावर बसतो. ही मुले पहिली ते चौथीची. काहींचे आईवडील नगर जिल्ह्यातून आलेले, काहींचे जालन्याकडून. बाप कारखान्यात कंत्राटी कामावर, आई चार घरची कामे करणारी. त्यांतली एक चिमुरडी ‘पस्तीस’ लिहा म्हटले की ५३ लिहायची. शाळेत बाईंनी तिला ३५ हा आकडा शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा केली. पोरीने इमानेइतबारे शंभर वेळा लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी ‘पंचेचाळीस’ सांगताच ५४ लिहिले. आईने कपाळाला हात लावला. ती आम्हांस म्हणाली, ‘दादा, हिला इंग्लिश मीडियमलाच घालते आता. तिथं फी आहे, पण थर्टी फाइव्ह म्हटलं की तीन आधी येतो तरी.’

त्या माउलीने दोन वाक्यांत जे सांगितले ते वादात उतरलेल्या अनेक विद्वानांना दोन स्तंभांत सांगता आले नाही. मूल मंद नव्हते. ते ऐकत होते तसेच लिहीत होते. ‘पस्तीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि तीस मागून येतो, कागदावर मात्र तीन आधी लिहावा लागतो. शंभर वेळा ३५ गिरवल्याने तिला एक तथ्य मिळाले, ३५ हे चित्र. पण पंचेचाळीसला त्या तथ्याचा काडीचा उपयोग नव्हता. तीस म्हणजे तीन दशक आणि वर पाच सुटे, ही कल्पना तिला मिळाली असती, तर पंचेचाळीस काय आणि पंचाहत्तर काय, तिने एकाच किल्लीने उघडले असते.

अभ्यासक्रम तथ्यांभोवती रचावा की संकल्पनांभोवती, हा जगभर चाललेला वाद आहे, आणि तो बहुधा फार उंचावरून चालतो. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली विषयाच्या गाभ्यातील रचना मुलांना लवकर दाखवावी असा आग्रह धरला. आपल्याकडे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याचा विचार करताना सांगितले की, पाठीवरच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जीवघेणे आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्याच वाटेने गेला आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही आशय कमी करून समज वाढविण्याची भाषा केली. ही सारी कागदपत्रे आदरणीय आहेत. पण संकल्पना म्हणजे नेमके काय, हे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक’ या दोन शब्दांत जेवढे लख्ख दिसते तेवढे त्या कागदपत्रांत दिसत नाही. म्हणूनच त्या दोन शब्दांची परीक्षा कसून व्हावयास हवी. कौतुक करून सोडून देणे हा त्यांचा अवमान होईल, थट्टा करून सोडून देणे हा तर होऊन गेला आहेच.

मराठी संख्यानामांचे गाऱ्हाणे प्रथम ऐकून घेऊ. एकट्या ‘तीन’ या अंकाकडे पाहा. तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. तीनाने येथे कधी ‘ते’, कधी ‘तेहे’, कधी ‘त्रे’, कधी ‘त्र्या’ असे वेष पालटले आहेत. दशकाचेही तसेच. ‘पन्नास’चे ‘वन्न’ आणि ‘पन्न’ झाले, ‘साठ’चे ‘सष्ट’, ‘सत्तर’चे ‘हत्तर’. मूल शंभरपर्यंत मोजायला शिकते तेव्हा ते नियम शिकत नाही, जवळजवळ शंभर स्वतंत्र नावे पाठ करते. आमच्या ओळीतल्या तमिळ कुटुंबातील मुलगा घरी मोजतो तेव्हा वीस आधी म्हणतो आणि एक मागून. मल्याळी, कन्नड, तेलुगू घरांतही तेच. आमच्या मुलांना एका हाताने उजवीकडून ऐकावयाचे आणि दुसऱ्या हाताने डावीकडून लिहावयाचे, अशी ही कसरत आहे.

ही कसरत सोपी करण्यासाठी जुन्या शिक्षकांनी काही केले नाही असे मात्र नव्हे. ‘एकावर एक अकरा, दोनावर एक एकवीस, दोनावर दोन बावीस’ हा घोष आमच्या पिढीच्या कानांत आजही आहे. गावच्या मिशन शाळेत मास्तर एकच, तेच शाळा घेत, तेच संध्याकाळी प्रार्थना सांगत. त्यांच्या छडीच्या तालावर आम्ही हे म्हणत असू. हाऊजीवाला आज तेच म्हणतो. सकृद्दर्शनी वाटेल की ‘दोनावर एक’ आणि ‘वीस एक’ यांत फरक तो काय? येथेच आमच्या मते या पुस्तकाचे खरे मर्म आहे. ‘दोनावर एक’ हे लिहावे कसे ते सांगते. पाटीवर दोन काढ, पुढे एक काढ. तो दोन म्हणजे दोन दशक आहेत, वीस आहेत, हे त्या घोषात कोठेच नाही. म्हणून ‘दोनावर एक एकवीस’ खणखणीत म्हणणारे मूल २१ मधून ९ वजा करताना अडते. हातचा का घ्यावयाचा, दोनाचा एक का होतो, हे त्याला कळत नाही. ‘वीस एक’ मात्र संख्येची किंमत सांगते. वीस आहेत आणि वर एक आहे. घोषाने आकृती दिली, पुस्तकाने अर्थ देऊ केला. टीकाकारांपैकी किती जणांनी हा भेद ध्यानात घेतला, याची आम्हांस शंका आहे.

तथापि पुस्तकाची बाजू येथवर घेतल्यावर आमचे तीन आक्षेप आहेत, आणि ते किरकोळ नाहीत.

पहिला आक्षेप भाषेचा. मराठीत ‘वीसएक माणसे आली होती’ म्हणजे सुमारे वीस आली होती. ‘पन्नासएक रुपये लागतील’ म्हणजे अदमासे पन्नास. आमच्या आयाबहिणी बाजारात रोज हा शब्द वापरतात. आता ‘वीस एक’ म्हणजे नेमके एकवीस असे मुलाने शाळेतून शिकून यावे आणि घरी आजीने ‘वीसएक भाकरी टाकल्या’ म्हणावे, तर मुलाने किती भाकऱ्या मोजाव्यात? हा विनोद नव्हे. अचूकतेसाठी निवडलेला शब्दप्रयोग भाषेत आधीपासून अंदाजासाठी राबत होता. ‘वीस आणि एक’ म्हटले असते तर हा घोटाळा टळला असता; एका ‘आणि’ची काटकसर महागात पडली. गणिताच्या समितीने भाषेच्या माणसाला जरा जास्त वेळ शेजारी बसवावयास हवे होते.

दुसरा आक्षेप गणिताचा. सुधारणा सुरू होते एकवीसपासून. पण दशकाची कल्पना मुलाला पहिल्यांदा भेटते ती एकवीसला नव्हे, अकराला. दहा बोटे संपतात आणि अकरावी वस्तू उरते, त्या क्षणी दशक जन्माला येते. नेमके तेथे अकरा, बारा, तेरा ही बंद नावे तशीच राहिली. त्या चिमुरडीला आम्ही केरसुणीच्या हिरांचे दहा-दहाचे जुडगे रबराने बांधून दिले. तीन जुडगे आणि पाच सुट्या हिरा तिने मांडल्या, ‘तीस पाच’ म्हणाली आणि प्रथमच ३५ न अडखळता लिहिले. मग एक जुडगा आणि एक सुटी हीर उचलून तिने विचारले, ‘मग याला दहा एक का नाही म्हणायचं?’ आम्हांस उत्तर सुचले नाही. चिनी भाषेत तसेच म्हणतात, एवढे आम्ही सांगितले. तिला ते पुरले नाही आणि खरे तर आम्हांसही नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. जुनी नावे म्हणजे निव्वळ पाठांतराचे जंगल, असा सूर या सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या बोलण्यात कधी कधी लागला. तो अन्यायाचा आहे. ‘एकोणतीस’ हा शब्द घ्या. एकाने ऊन, म्हणजे कमी, असे तीस. त्या शब्दात वजाबाकी आहे. एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणनव्वद, सगळीकडे तोच हिशेब. भाषेने पुढच्या दशकाकडे पाहून मागे एक पाऊल टाकले आहे. ‘पावणेतीन’ तसेच, तीनाला पाव कमी. ‘अडीच’ तर ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ म्हणत आणि गुऱ्हाळावरचा गुळाचा हिशेब तोंडी करीत. त्या पाठांतराच्या पोटात संकल्पना झोपलेल्या होत्या. त्यांना कुणी जागे केले नाही, हा दोष शिकविणाऱ्यांचा. ‘एकोणतीस’ बाजूला ठेवून ‘वीस नऊ’ दिले तर एक संकल्पना हाती येते आणि दुसरी निसटते. २९ ला एक मिळवले की तीस, हे ‘एकोणतीस’ जेवढ्या चटकन सांगते तेवढे ‘वीस नऊ’ सांगत नाही. पुस्तकाने दोन्ही नावे जवळजवळ ठेवली, हे चांगले केले. पण ‘एकोण’चा अर्थ मुलाला उलगडून सांगण्याची संधी घ्यावयास हवी होती. (आणि नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत, हेही मुलांना विचारू द्यावे. आम्हांस ही भाषेची लहर फार आवडते.)

अशा सुधारणा इतरत्र झाल्या आहेत. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात. आमच्या नगरकडच्या गावांत ज्या जर्मन व स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी मराठी शिकून घेतली, त्यांना आपली ‘एकवीस’ची उलटी चाल मुळीच परकी वाटली नसेल. त्याच जर्मनीत २००४ साली काही मंडळींनी संघटना काढून, अंकांच्या क्रमाने बोलण्याची रीत शाळेत जोडीला शिकवावी अशी मागणी केली. जुनी रीत तेथे अजून ठाण मांडून आहे. नॉर्वेने मात्र निर्णय केला. तेथील संसदेच्या ठरावानुसार १ जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी कामकाजात ‘एक आणि वीस’ जाऊन ‘वीस एक’ आले. मागणी कुणाची? टेलिफोन खात्याची! तोंडी सांगितलेले क्रमांक उलटसुलट होऊन चुकीचे फोन लागत होते. आमच्या हाऊजीवाल्याचे आणि त्या खात्याचे दुखणे एकच. गंमत अशी की कायदा होऊनही अनेक नॉर्वेजियन माणसे पुढे कित्येक दशके घरात जुन्याच रीतीने मोजत राहिली. शाळेत एक, आजीजवळ दुसरी. भाषा बुडाली नाही, आणि जुनी रीत एका फटक्यात गेलीही नाही.

उलट बाजूचा दाखलाही सांगितला पाहिजे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘नवे गणित’ आले. संख्येआधी संचाची कल्पना, बेरजेआधी तिचे नियम. हेतू उदात्त होता. पण शिक्षकांनाच ते नीट उमगले नाही आणि मुले नियमांची नावेच पाठ करू लागली. मॉरिस क्लाइन या गणितज्ञाने १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहून झोड उठविली. त्या लाटेचे तुषार आपल्याकडेही आले. आमच्या पिढीतील पुष्कळांना ‘रिक्त संच’ हे शब्द आठवतात आणि त्यापलीकडे काहीच आठवत नाही. संकल्पना ही शब्दाने देता येत नाही. हिरांचे जुडगे हाती न देता वर्गात नुसते ‘वीस एक, वीस दोन, वीस तीन’ असे ओरडून घेतले, तर ते ‘दोनावर एक’ आणि ‘एकवीस’ यांच्या जोडीला तिसरे पाठांतर होईल. आम्ही दोन-चार शाळांतील मुलांच्या वह्या पाहिल्या, त्यांत हेच झालेले दिसले. एका ओळीत तीन रकाने आखून तिन्ही नावे घरून लिहून आणावयास सांगितली होती. तो दोष पुस्तकाचा म्हणता येणार नाही, परंतु असे होणार हे पुस्तक करणाऱ्यांनी ओळखावयास हवे होते. आमच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांचा अनुभव वाचकांना आहेच. उत्तर पाठ असणे आणि प्रश्न पडलेला असणे यांत केवढे अंतर असते, ते आम्हांपैकी प्रत्येकाने प्रथम कम्युनियनच्या तयारीत अनुभवले आहे.

मराठीच्या नावाने जो कंठशोष झाला त्याविषयी मात्र आम्हांस खेदाने एक गोष्ट नोंदवावी लागते. ज्यांनी ‘वीस एक’ने मराठीची विटंबना झाली म्हटले, त्यांतील किती जण स्वतःचा दूरध्वनी क्रमांक मराठीत सांगतात? नाशिक फाट्यावर उभे राहून कोणाही मराठी तरुणास बसचा क्रमांक विचारा. तो इंग्रजीत सांगेल. भाजीवाला ‘फॉर्टी’ म्हणतो, रिक्षावाला ‘एटी’. कारखान्यातील मराठी कामगार मायक्रोमीटरचे माप इंग्रजीतच वाचतो. मराठी संख्यानामे ‘वीस एक’मुळे संकटात आली नाहीत, ती आधीच आमच्या जिभेवरून उतरत होती, आणि त्याचे एक कारण ती मुलांना अवघड जातात हेच होते. त्या माउलीला मराठीचा तिटकारा नव्हता. तिला फक्त आपल्या मुलीने ३५ बरोबर लिहावा असे वाटत होते. तेवढ्यासाठी एक मराठी घर इंग्रजी शाळेची फी भरावयास निघाले असेल, तर नावे सोपी करून पाहणारी समिती मराठीची वैरी कशी?

या दृष्टीने प्रस्तुत पुस्तकात आम्हांस सर्वांत अधिक जाणवली ती एका पानाची उणीव. शिक्षकांसाठी सूचना आहेत. आईसाठी काही नाही. संख्यानामे ही शाळेच्या मालकीची नाहीत, ती घरात, बाजारात, प्रार्थनेनंतरच्या गप्पांत राहतात. त्यांत हात घालावयाचा तर घराशी आधी बोलावयास हवे होते. पुस्तकाच्या आरंभी साध्या मराठीत एक पान असते, की तुमचे मूल ‘तीस पाच’ म्हणाले तर हसू नका, त्याला दहा-दहाचे तीन जुडगे करावयास सांगा, मग त्यालाच पस्तीस म्हणतात असे सांगा, आणि एकोणतीस आले की तीसला किती कमी ते विचारा, तर २०१९ च्या जूनमधला अर्धा गदारोळ उठलाच नसता. पुढच्या आवृत्तीत ते पान घालण्यास अजून हरकत नाही.

तोवर ते आम्ही ओट्यावर करीत आहोत. चिमुरडी मराठी शाळेतच आहे. आईने वर्षभर थांबावयाचे कबूल केले आहे. सणाच्या हाऊजीत तिच्या हाती यंदा प्रथमच स्वतःचे तिकीट होते. ‘सहावर सात, सदुसष्ट’ असा पुकारा झाला, तेव्हा ती हलकेच ‘साठ सात’ म्हणाली आणि तिने योग्य ती चौकट खोडली. शेजारच्या आजीने अडुसष्ट खोडले होते. तिचेही तिने दुरुस्त केले.